कुठलं वाक्य खोडायचं?

तीन वाक्यं देतो. घाई नाही, सावकाश वाचा.

देव काहीही करू शकतो. देव पूर्णपणे चांगला आहे. जगात वाईट घडतं.

झालं वाचून? आता सांगा, ही तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात का?

पहिल्या झटक्यात आपण म्हणतो, हो, त्यात काय! लहानपणापासून तिन्ही एकत्रच तर ऐकत आलोय. पहिली दोन देवघरात आणि तिसरं सातच्या बातम्यांत. एकाच घरात, अर्ध्या तासाच्या अंतरानं. त्यावाचून कुणाचं जेवण अडलं नाही. पण जरा थांबा. समजा, तुमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. टाकीची चावी त्याच्याच खिशात असते. सगळ्यांना पाणी मिळावं अशी त्याची मनापासून इच्छा आहे. आणि तरी तिसऱ्या मजल्यावर चार दिवस नळाला थेंब नाही. तुम्ही काय म्हणाल? एक तर चावी त्याच्याकडे नाहीच. नाहीतर ती मनापासूनची इच्छा वगैरे सगळं बंडल आहे. नाहीतर नळ चालू आहे आणि तिसऱ्या मजल्यावरचे लोक उगाच बोंबलताहेत. तीनपैकी एक वाक्य खोडावंच लागतं. (चौथं काही सुचलं असेल तर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

देवाच्या बाबतीतलं हे कोडं फार जुनं. ग्रीसच्या एपिक्युरसच्या नावावर ते सांगितलं जातं. त्याच्या हातचा मजकूर आपल्यापर्यंत आलेला नाही, पण लॅक्टॅन्टियस नावाच्या ख्रिस्ती लेखकानं चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ते खोडून काढण्यासाठी लिहून ठेवलं, म्हणून टिकलं. विरोधकांनीच जपून ठेवायची ही भानगड इतिहासात बरेचदा होते. पुढे स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनं एका संवादमालेत ते पुन्हा मांडलं आणि ती जिवंतपणी छापलीच नाही. ते पुस्तक आलं १७७९ मध्ये, तो गेल्यानंतर तीन वर्षांनी.

पण कोड्याला खरी धार लावली ती जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं. १९५५ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात त्याचा छोटासा लेख आला. तोवर नास्तिक मंडळी सहसा म्हणायची, देव आहे याला पुरावा नाही. आस्तिक म्हणायचे, नसू दे, आमची श्रद्धा आहे. मॅच ड्रॉ. मॅकी म्हणाला, पुराव्याचं राहू द्या, तुमची स्वतःचीच वाक्यं एकमेकांशी भांडताहेत. ज्याला पुरावा नाही त्यावर श्रद्धा ठेवता येते. पण ‘हा त्रिकोण चौकोनी आहे’ यावर श्रद्धा ठेवून बघा बरं.

मॅकी प्रामाणिक होता. नुसती तीन वाक्यं शेजारी ठेवून विसंगती सिद्ध होत नाही, हे त्यानं स्वतःच सांगितलं. त्यासाठी आणखी दोन गोष्टी धरून चालाव्या लागतात : चांगला असलेला कुणीही वाईटाला जमेल तितकं हटवतो, आणि सर्वशक्तिमानाला काय जमेल याला मर्यादा नसते. हे दोन्ही मान्य केलंत की पिंजऱ्याचं दार बंद.

मग तो एकेक पळवाट तपासतो. आपल्या कट्ट्यावर चालणाऱ्या सगळ्या त्यात आहेत, हे वाचताना जाम मजा वाटते. ‘दुःख नसेल तर सुखाची किंमत कळणार कशी?’ ठीक आहे, पण मग चवीपुरतं पुरलं असतं की. वरणाला चव यावी म्हणून कुणी मिठाचं पोतं ओतत नाही. ‘चांगलं घडवण्यासाठी वाईटातून जावं लागतं, डॉक्टर नाही का इंजेक्शन टोचत?’ टोचतो, कारण त्याच्याकडे दुसरा उपाय नाही. ज्याला न टोचता बरं करता येतं तो टोचेल कशाला? ‘संकटामुळे माणसातलं धैर्य, दया जागी होते.’ होते ना. आणि त्याच संकटात क्रौर्य आणि भित्रेपणाही जागा होतो, त्याचा हिशेब कुठे लावणार? शेवटी उरते ती सगळ्यात तगडी पळवाट. देवानं माणसाला स्वातंत्र्य दिलं, माणसानं ते वाईट वापरलं, देवाचा काय दोष? यावर मॅकीचा सवाल असा : माणूस एकदा स्वतःच्या मर्जीनं चांगलं वागू शकतो, हे तुम्ही मानता. मग प्रत्येक वेळी स्वतःच्याच मर्जीनं चांगलं वागतील अशी माणसं देवानं का नाही घडवली?

वाचून पहिल्यांदा मी ‘संपला विषय’ म्हणून पुस्तक मिटलं होतं. तेव्हा मला हा विषय बुद्धिबळासारखा वाटायचा.

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा धाकटा भाऊ गेला. वय सव्वीस. बाइकवर होता, हेल्मेट घातलेलं, स्वतःच्या लेनमध्ये. समोरून एका ट्रकवाल्यानं चुकीच्या बाजूनं ओव्हरटेक केलं. ही मैत्रीण म्हणजे दर मंगळवारी पहाटे सिद्धिविनायकाच्या रांगेत उभं राहून मग ऑफिसला येणारी. साडेनऊला आमच्या बेवर पेढ्यांचा बॉक्स फिरायचा. भाऊ गेल्यावर घरी भेटायला येणाऱ्यांनी तिला जे काय सांगितलं ते तिनं मला पुढे एकदा कॅन्टीनमध्ये सांगितलं. एक काका म्हणाले, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. शेजारीण म्हणाली, जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. लांबच्या आत्यानं आवाज खाली करून सांगितलं, पूर्वजन्मीचं काहीतरी असेल गं. आणि एक कॉलेजातला मित्र, ‘मॉडर्न’, म्हणाला की आता तरी हे देव-बीव सोड.

‘‘मला सांत्वन नकोय,’’ ती म्हणाली. ‘‘तू ते तत्त्वज्ञान वाचतोस ना? मग एवढंच सांग, हे असं झाल्यावरही मी देव मानते म्हणजे मी मूर्ख आहे का? भावनेनं नको, डोक्यानं सांग.’’

मला हा प्रश्न फार आवडला. कारण नेमकं या प्रश्नाला तत्त्वज्ञानात उत्तर आहे. बाकी बऱ्याच प्रश्नांना नाही.

उत्तर देणारा माणूस अमेरिकन, आल्विन प्लँटिंगा. स्वतः पक्का ख्रिस्ती. १९७४ मध्ये त्याची दोन पुस्तकं आली, एक जाडजूड आणि एक तुमच्याआमच्यासाठी पातळ, आणि त्यांत त्यानं मॅकीचा पिंजरा उघडला. युक्ती समजायला सोपी जावी म्हणून ऑफिसातलं उदाहरण घेतो. एचआरवाले तुम्हाला बोलावतात. म्हणतात, तू नऊला आलो म्हणतोस, पण दारावर तुझं कार्ड पंच झालेलं नाही. म्हणजे एक तर मशीन खोटं, नाहीतर तू. तुम्ही काय सांगाल? ‘समोरचा दार धरून उभा होता, त्याच्या मागोमाग मी आत शिरलो असेन.’ बस्स. ते खरंच तसं झालं हे तुम्हाला सिद्ध करायला लागत नाही. आरोप होता विसंगतीचा : दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत. तो मोडायला ‘असं असू शकतं’ एवढी एक धड गोष्ट पुरते. सोसायटीच्या सेक्रेटरीचंही तेच. टाकी धुवायला काढली असेल. चावीही आहे, इच्छाही आहे, नळही कोरडा आहे. कुणाला हे चौथं सुचलं होतं?

आता देवाच्या बाबतीत अशी गोष्ट कुठली? मॅकीचा शेवटचा सवाल आठवा : नेहमी आपखुशीनं चांगलंच वागणारी माणसं का नाही घडवली? प्लँटिंगा म्हणतो, ‘घडवली’ आणि ‘आपखुशीनं’ हे दोन शब्द एका वाक्यात कसे बसवता? देव स्वतंत्र माणूस घडवू शकतो. पण तो माणूस त्या स्वातंत्र्याचं काय करणार हे देवानं ठरवलं तर ते स्वातंत्र्य उरत नाही. चौकोनी त्रिकोण देवालाही काढता येत नाही, हे तर मॅकीच्या बाजूचे लोकही मान्य करतात. म्हणजे कुठलं जग प्रत्यक्षात येणार, हे थोडंसं माणसांच्याही हातात राहतं.

इथे त्यानं दिलेलं उदाहरण आपल्याला एकदम घरचं वाटेल. बॉस्टनचा एक काल्पनिक महापौर. एका हायवेच्या आखणीला त्याचा विरोध असतो. रस्तेखात्याचा प्रमुख त्याला विरोध सोडण्यासाठी ३५,००० डॉलर देऊ करतो आणि महापौर खिशात घालतो. आता प्रश्न, २०,००० दिले असते तर घेतले असते का? याचं काहीतरी उत्तर आहे, हो किंवा नाही. पण ते उत्तर देव ठरवत नाही, महापौर ठरवतो. समजा हा महापौर असा आहे की कुठल्याही परिस्थितीत टाका, कुठल्याही जगात टाका, मोकळा सोडला की एकदा तरी घसरणारच. मग त्याला मोकळंही ठेवायचं आणि कधीच घसरू द्यायचं नाही, असं जग देवाला जमवता येणार नाही. आणि समजा सगळेच असे असतील तर? ते तसे आहेत, असं प्लँटिंगा म्हणत नाही. असू शकतात, एवढंच म्हणतो. तेवढ्यानं पिंजरा उघडतो.

आणि भूकंप, कॅन्सर, ते कुठल्या माणसाच्या मर्जीनं होतात? यावर प्लँटिंगा शांतपणे म्हणतो की माणसाखेरीज दुसरे काही स्वतंत्र जीव असतील, सैतान आणि त्याची टोळी, आणि ती त्यांची करणी असेल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. विसाव्या शतकात, विद्यापीठात पगार घेऊन, हे? पण परत त्या एचआरच्या खोलीत जा. पटण्यासारखं असण्याची अटच नाहीये. शक्य असलं की झालं.

खुद्द मॅकीच्या शेवटच्या पुस्तकात, जे १९८२ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर निघालं, एक कबुली आहे : देवाबद्दलची मुख्य मतं तर्कदृष्ट्या एकमेकांना छेदतात असं या कोड्यावरून सिद्ध होत नाही. प्लँटिंगाचं सगळं त्याला पटलं होतं असं मुळीच नाही, पुढची कित्येक पानं तो भांडतच राहतो. तरी हे वाक्य लिहायला मोठं मन लागलं असणार. आपल्याकडे टीव्हीवरच्या चर्चेत असं एकदा जरी कुणी म्हणालं तरी मी केबलचं बिल आनंदानं भरेन.

तेव्हा मैत्रिणीला मी सांगितलं, नाही, तू मूर्ख नाहीस. तर्क तुला कुठलंच वाक्य खोडायला लावत नाही.

ती गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे त्या ट्रकवाल्याचं स्वातंत्र्य जपायला माझा भाऊ?’’

हे म्हणजे नेमकं दुखऱ्या जागी बोट. आणि ही नुसती संतापाची उडी नव्हे. २०१९ मध्ये जेम्स स्टर्बा या तत्त्वज्ञानं याच मुद्द्यावर पुस्तक लिहून मिटलेली फाइल पुन्हा उघडली. त्याचं म्हणणं, चांगलं सरकारही नागरिकांचं स्वातंत्र्य जपतं, पण कुणी कुणाच्या जिवावर उठला तर हात धरतं. खुन्याच्या मर्जीपेक्षा ज्याचा जीव जाणार त्याची मर्जी मोठी. मग देवानं निदान शेवटच्या क्षणी स्टिअरिंग फिरवायला काय हरकत होती? ट्रकवाल्याची मर्जी शाबूत, त्याचा बेदरकारपणाही त्याच्या खात्यावर, फक्त भाऊ वाचला असता. मला हा मुद्दा मॅकीच्या मूळ मुद्द्यापेक्षा भारी वाटतो.

पण मला सांगायचंय ते थोडं वेगळं. प्लँटिंगानं एक भेद फार काटेकोर पाळला, आणि आपण नेमका तोच विसरतो. ‘देवाकडे काही कारण असू शकेल’ हे एक विधान. ‘देवाचं कारण अमुक होतं’ हे दुसरं. पहिलं म्हणजे बचाव. दुसरं म्हणजे देवाच्या वतीनं खुलासा. प्लँटिंगा फक्त बचाव करतो आणि थांबतो. मैत्रिणीच्या घरी आलेले काका, शेजारीण, आत्या तिघंही थेट खुलाशावर गेले. तर्काचा सगळा जय पहिल्या विधानाचा आहे. दुसऱ्याच्या वाट्याला त्यातलं काडीचंही येत नाही.

खुलासा किती महागात पडतो ते बघायचं तर लिस्बनचा १७५५ चा भूकंप या विषयावरच्या बहुतेक पुस्तकांत सापडतो. मला त्याहून जवळचा वाटतो आपला १९३४ चा. १५ जानेवारी, भर दुपार. नेपाळ आणि उत्तर बिहार हादरला. मुंगेर, मुजफ्फरपूर उद्ध्वस्त, काठमांडूचं खोरं जमीनदोस्त. दहा हजारांच्या वर माणसं गेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. तिरुनेलवेलीच्या सभेत ते म्हणाले की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची देवानं दिलेली शिक्षा आहे.

हेतू बघा, यापेक्षा चांगला हेतू असूच शकत नाही. अस्पृश्यता हे पाप होतंच. तरी रवींद्रनाथ टागोर खवळले. अस्पृश्यतेबद्दल त्यांचं गांधींशी काही भांडण नव्हतं, म्हणूनच त्यांचं पत्रक वाचण्यासारखं आहे. त्यांनी विचारलं ते थोडक्यात असं. जमीन हादरते ती जमिनीच्या कारणानं. तिला पापपुण्याची फूटपट्टी लावलीत तर दिसेल काय? शिक्षा सरसकट झालीय, पापी वेगळे निवडून काढलेले नाहीत. चांगलं वागायला शिकवण्यासाठी इतकं वाईट वागणाऱ्या देवापेक्षा मग माणूसच नीतीनं वरचढ ठरेल. आणि खरी मेख पुढे आहे : हेच हत्यार तुमचे विरोधक उचलतील. सनातनी म्हणतील, भूकंप झाला तो गांधींनी धर्म बुडवला म्हणून. मग कुणाचा खुलासा खरा, हे ठरवणार कसं?

गांधीजींनी टागोरांचं पत्रक स्वतःच्याच ‘हरिजन’मध्ये फेब्रुवारी १९३४ मध्ये छापलं आणि शेजारी स्वतःचं उत्तर दिलं. मत मागे घेतलं नाही. आपल्याला हे सिद्ध करता येणार नाही, पण आपली तशी श्रद्धा आहे, असा त्यांचा सूर होता. दोघांत कोण बरोबर? मी बिनधास्त टागोरांच्या बाजूचा. ‘देवाची काहीतरी लीला असेल’ असं म्हणून गांधीजी थांबले असते तर टागोरांना लेखणी उचलायची गरजच नव्हती. ‘अमुक पापाची शिक्षा’ म्हटलं की ढिगाऱ्याखालच्या पोरांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागतं. आणि त्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्य मानलेलेही होते.

आत्याचा पूर्वजन्म हाही खुलासाच, फक्त घरगुती. गंमत म्हणजे आपल्या परंपरेनं हे कोडं स्वतःच फार पूर्वी नेमकं पकडलं होतं. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात देवावरचे दोन आरोप नावानिशी येतात, वैषम्य आणि नैर्घृण्य. म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा. शंकराचार्यांचं उत्तर : देव पावसासारखा आहे. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, कुठे भात उगवतो कुठे जव, ते बियाण्यावर. बियाणं म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. अगदी पहिलं कर्म कुठून आलं, असं विचारलंत तर संसार अनादी आहे, पहिलं असं काही नाहीच. बांधणी सॉलिड आहे, नाकारत नाही. पण किंमत बघा. देवाला कर्माचा हिशेब पाळावाच लागत असेल तर पहिल्या वाक्यातलं ‘काहीही’ थोडं खाली येतं. ग्रंथात ते चालून जातं. बैठकीच्या खोलीत, फोटोला हार घातलेला असताना, त्याचं भाषांतर एकच होतं : तुझ्या भावानं काहीतरी केलं असणार. मैत्रीण म्हणाली, ‘‘आत्याला विचारणार होते, काय केलं होतं, तारीख सांग.’’

बरं, तर्काची लढाई देवाच्या बाजूनं बरोबरीत सुटली असं धरू. पुढे काय? पुढे १९७९ मध्ये विल्यम रो नावाचा एक अमेरिकन आला आणि त्यानं मैदानच बदललं. स्वतःला तो मैत्रीपूर्ण नास्तिक म्हणवायचा, म्हणजे देव मानणारा माणूसही शहाणा असू शकतो असं मानणारा. त्यानं विसंगतीचा हट्ट सोडून दिला. फक्त एक हरणाचं पाडस डोळ्यांसमोर उभं केलं. लांबच्या जंगलात वीज पडून वणवा लागतो. पाडस त्यात होरपळतं, लगेच मरत नाही, काही दिवस तडफडून मरतं. कुणी पाहत नाही, कुणाला कळत नाही, कुणाचं धैर्य वाढत नाही, कुणी त्यातून काही शिकत नाही. यामागे काही थोर कारण असणं अशक्य नाही, हे रोला मान्य. पण खरंच वाटतं का, असेल म्हणून? असं एक पाडस नाही, अशी रोज किती तरी. प्लँटिंगाचं ‘असू शकतं’ इथे लंगडं पडतं. कारण रो ‘असू शकतं का’ विचारतच नाही, तो ‘असेल का’ विचारतो. एचआरवाल्यांचंच उदाहरण ताणायचं तर, एका दिवशी तुम्ही कुणाच्या मागोमाग आत शिरला असाल. वर्षभर रोज?

यावर स्टीफन विक्स्ट्रानं १९८४ मध्ये दिलेलं उत्तर असं, की कारण आपल्याला दिसत नाही याचा अर्थ ते नाही असा होत नाही. देवाची समज आणि आपली समज यांत तेवढं अंतर आहे, जेवढं आईबाप आणि महिन्याभराचं बाळ यांच्यात असतं. बाळाला आईबाप काय करताहेत ते कळत नाही, म्हणून त्यांच्याकडे कारण नसतं का?

मला हे उत्तर बौद्धिकदृष्ट्या बरं वाटतं आणि व्यवहारात भीतिदायक. प्रत्येक वाईटामागे न दिसणारं काही चांगलं असू शकतं, असं मनापासून धरलं तर रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी १०८ फिरवायचा का नाही? न जाणो, तो पडण्यातच काही थोर भलं असेल. विक्स्ट्राच्या बाजूच्या लोकांनी या शंकेलाही उत्तरं दिलीत, बरीच लांबलचक. पूर्ण समाधान करणारं मला अजून मिळालेलं नाही.

मैत्रिणीला मी हे बाळाचं सांगितलं तेव्हा ती माझ्यासारखी १०८ वगैरेंत गेलीच नाही. ती म्हणाली, ‘‘लस टोचताना आई बाळाला कुशीत तरी घेते रे. कळत नसलं तरी ती तिथे आहे, एवढं बाळाला कळतं. आमच्याकडे त्या रात्री हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये कुणीच नव्हतं.’’ रोनंही विक्स्ट्राला जवळपास हेच उत्तर दिलेलं आहे. मी तिला तसं सांगितलं, तर तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

सध्या ती दुसऱ्या वाक्यावर अडली आहे. पहिल्याबद्दल तिला शंका नाही, तिसरं तर घरातच घडलंय. खोडलेलं नाही, पण पुढे गेलेलीही नाही. मंगळवारी जाते परत, तीन-चार महिने झाले. रांगेत उभी राहते, दर्शन घेते की नुसतंच भांडून येते ते मी विचारलेलं नाही. पेढे मात्र ऑफिसात आणत नाही.